त्रिकोणाचे मूलभूत गुणधर्म कसे सिद्ध करावेत

त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश असते हे जवळजवळ सगळ्यांना पाठ असते. ती का, असे विचारले की बहुतेक जण कोनमापक काढतात, किंवा कागदी त्रिकोणाचे कोपरे फाडून एका ओळीत जुळवून दाखवतात. हे दोन्ही प्रयोग करून पाहावेत, पण त्यांतून सिद्धता मिळत नाही. कोनमापकावर अर्ध्या अंशाचा फरक डोळ्याला दिसत नाही. शिवाय शंभर त्रिकोण मोजले तरी एकशेएकावा मोजायचा राहतोच. सिद्धता मात्र एका दमात सगळ्या त्रिकोणांबद्दल बोलते, कधी कोणी न काढलेल्या त्रिकोणांबद्दलही.

भूमितीच्या सिद्धतेत विद्यार्थी अडतात ते रचना सुचत नाही म्हणून, असा समज आहे. मला कारण वेगळे वाटते. कोणते विधान कोणत्या विधानावर उभे आहे हे माहीत नसते, म्हणून हाताशी काय वापरता येईल ते कळत नाही. त्यामुळे इथे गुणधर्म एकामागून एक असे सिद्ध करू, की प्रत्येक सिद्धतेत फक्त आधी मिळवलेलेच वापरले जाईल. वही-पेन्सिल घेऊन प्रत्येक आकृती स्वतः काढत वाचा, नाहीतर अक्षरांच्या गर्दीत वाट चुकेल.

मांडणीची चौकट

पूर्ण सिद्धतेचे चार भाग असतात: पक्ष (काय दिले आहे), साध्य (काय दाखवायचे आहे), रचना (आकृतीत आपण काय वाढवले) आणि सिद्धता. सिद्धतेतल्या प्रत्येक ओळीपुढे कारण हवे. कारण म्हणून पाचच गोष्टी चालतात: पक्षातली माहिती, आपण केलेली रचना, एखादी व्याख्या, एखादे गृहीतक, किंवा आधी सिद्ध झालेले प्रमेय. ‘आकृतीत तसे दिसते’ हे कारण या यादीत नाही.

सुरुवातीला आपल्याजवळ एवढे आहे: रेषीय जोडीतल्या (एका सरळ रेषेवरच्या लगतच्या दोन) कोनांची बेरीज १८०° असते, विरुद्ध कोन समान असतात, समांतर रेषांना छेदिकेने (दोन्हींना कापणाऱ्या रेषेने) छेदले की व्युत्क्रम कोन (छेदिकेच्या विरुद्ध अंगांचे आतले कोन) समान असतात, आणि एकरूपतेची बाकोबा कसोटी: दोन बाजू आणि त्यांमधला कोन समान असले की दोन त्रिकोण एकरूप, म्हणजे तंतोतंत जुळणारे, असतात.

कोनांची बेरीज

ही सिद्धता पूर्ण मांडणीत लिहू, म्हणजे नमुना डोळ्यांसमोर राहील.

पक्ष: अबक हा कोणताही त्रिकोण आहे.
साध्य: ∠अबक + ∠बअक + ∠अकब = १८०°
रचना: अ बिंदूतून रेषा बक ला समांतर अशी रेषा पर काढा. प हा ब च्या अंगाला आणि र हा क च्या अंगाला घ्या.

सिद्धता:
१. ∠पअब = ∠अबक … (पर ∥ बक, छेदिका अब, व्युत्क्रम कोन)
२. ∠रअक = ∠अकब … (पर ∥ बक, छेदिका अक, व्युत्क्रम कोन)
३. ∠पअब + ∠बअक + ∠रअक = १८०° … (अ पाशी सरळ रेषेच्या एका बाजूचे कोन)
४. ∠अबक + ∠बअक + ∠अकब = १८०° … (विधान १ आणि २ मधील किमती ३ मध्ये ठेवून)

रचना का सुचली? साध्यात १८० अंश आहेत. सरळ रेषेवरचा कोन १८० अंशांचा असतो. म्हणजे तिन्ही कोन एका रेषेवर आणून बसवायचे आहेत, आणि कोन न बदलता दुसरीकडे नेण्याचे आपल्याजवळचे साधन म्हणजे समांतर रेषा. कोपरे फाडून लावण्याच्या प्रयोगात हात जे करतात, तेच इथे व्युत्क्रम कोन करतात.

रचनेतले ‘प हा ब च्या अंगाला’ हे शब्द गाळू नका. व्युत्क्रम कोन छेदिकेच्या दोन विरुद्ध बाजूंना असावे लागतात. प आणि क हे रेषा अब च्या विरुद्ध बाजूंना आहेत, म्हणूनच पहिली ओळ खरी ठरते.

हे प्रमेय समांतर रेषांच्या गृहीतकावर पूर्णपणे अवलंबून आहे, आणि ते किती, हे गोलावर गेले की कळते. गोलाच्या पृष्ठभागावर उत्तर ध्रुव हा एक शिरोबिंदू घ्या. बाकीचे दोन विषुववृत्तावर, एकमेकांपासून ९० अंश रेखांशांवर घ्या. बाजू म्हणून गोलाला दुभागणाऱ्या वर्तुळांचे कंस धरले तर या त्रिकोणाचे तिन्ही कोन काटकोन होतात आणि बेरीज २७०° येते. तिथे असे कंस समांतर राहूच शकत नाहीत, त्यामुळे आपली रचनाच होत नाही. म्हणून सिद्धतेत ‘समांतर’ हा शब्द जिथे येतो ती ओळ नीट पाहावी.

दोन गोष्टी लगेच हाती लागतात. त्रिकोणात एकापेक्षा जास्त काटकोन किंवा विशालकोन असू शकत नाही. आणि दोन त्रिकोणांचे दोन-दोन कोन समान असतील तर तिसराही समान असतोच.

बाह्यकोन

बाजू बक ही क च्या पलीकडे ड पर्यंत वाढवा. ∠अकड हा बाह्यकोन. ∠अकब + ∠अकड = १८०° (रेषीय जोडी), आणि ∠अ + ∠ब + ∠अकब = १८०°. दोन्हींतून ∠अकब वजा केला की ∠अकड = ∠अ + ∠ब. बाह्यकोन हा दूरस्थ आंतरकोनांच्या (त्याला लगत नसलेल्या आतल्या दोन कोनांच्या) बेरजेएवढा असतो.

सिद्धता दोन ओळींची असली तरी तिच्यातून निघणारे विधान पुढे वारंवार लागेल: बाह्यकोन प्रत्येक दूरस्थ आंतरकोनापेक्षा मोठा असतो. इ.स.पू. ३०० च्या सुमारास ग्रीक भूमितिज्ञ युक्लिडने हे विधान समांतर रेषांना हात न लावता, बेरजेच्या प्रमेयाच्या कितीतरी आधी सिद्ध केले. त्याचा मार्ग लांबचा आहे, पण त्यावरून कळते की ही असमानता मिळवायला समांतर रेषांचे गृहीतक लागत नाही.

एकरूपतेच्या कसोट्या

△अबक ≅ △पफर असे लिहिले की त्यात एक संगती येते: अ ची जोडी प शी, ब ची फ शी, क ची र शी. अक्षरांचा क्रम बदलला की विधान बदलते. ही सवय पहिल्यापासून लावून घ्या, कारण एकरूपता सिद्ध झाल्यावर ‘संगत बाजू’ आणि ‘संगत कोन’ या क्रमावरूनच वाचायचे असतात.

कसोट्या अशा: बाकोबा (दोन बाजू व त्यांमधला कोन), कोबाको (दोन कोन व त्यांमधली बाजू), बाबाबा (तिन्ही बाजू), कोकोबा (दोन कोन व मधली नसलेली बाजू) आणि काटकोन त्रिकोणांसाठी कर्णभुजा (कर्ण व एक बाजू). बाकोबा युक्लिडने एक त्रिकोण उचलून दुसऱ्यावर ठेवण्याच्या युक्तीने दाखवली होती. ‘उचलणे’ म्हणजे नेमके काय, याचे उत्तर त्याच्या गृहीतकांत नाही. म्हणून जर्मन गणितज्ञ डेव्हिड हिल्बर्टने १८९९ मध्ये भूमितीची पुन्हा मांडणी करताना बाकोबाचा गाभा थेट गृहीतकांतच घातला. आपणही ती गृहीत धरली आहे. कोबाको बाकोबावरून अप्रत्यक्ष पद्धतीने (उलट मानून विसंगती दाखवून) मिळते. कोकोबा तर कोबाकोच आहे, कारण दोन कोन समान असले की तिसरा आपोआप समान होतो.

बाबाको नावाची कसोटी नाही, आणि ती का नाही हे एकदा काढून पाहाच. ∠ब = ३०°, अब = १० सेमी, अक = ६ सेमी घ्या. ब पासून ३० अंशांचा किरण काढा आणि अ केंद्र धरून ६ सेमी त्रिज्येचा कंस मारा. अ पासून किरणाचे लंबांतर ५ सेमी आहे, त्यामुळे कंस किरणाला दोन ठिकाणी छेदतो. दोन निरनिराळे त्रिकोण मिळतात, दोन्हींत दिलेली मापे तीच. कोन दोन बाजूंच्या मध्ये नसेल तर तो त्रिकोणाला जखडून ठेवत नाही.

समद्विभुज त्रिकोण

विधान साधे आहे: अब = अक असेल तर ∠ब = ∠क. पण सिद्धता शिकण्यासाठी याच्याइतके उपयोगी प्रमेय मला दुसरे माहीत नाही, कारण इथे तीन-चार वाटा दिसतात आणि त्या सगळ्याच सारख्या सुरक्षित नाहीत.

पहिली वाट: बक चा मध्यबिंदू ड घ्या, अड जोडा. अब = अक (पक्ष), बड = कड (रचना), अड सामाईक. बाबाबाने △अबड ≅ △अकड, म्हणून ∠ब = ∠क. झाले. पण थांबा, बाबाबा आपण कुठून आणली? तिची नेहमीची सिद्धता अशी: दोन त्रिकोण एका समान बाजूवर, तिच्या विरुद्ध अंगांना मांडायचे (सर्वात मोठी बाजू निवडली तर आकृती सरळ राहते), उरलेले शिरोबिंदू जोडायचे, मग दोन समद्विभुज त्रिकोण तयार होतात. त्यांच्या पायालगतचे कोन समान, म्हणून त्या कोनांच्या बेरजा समान, म्हणून बाकोबा. म्हणजे बाबाबा स्वतःच समद्विभुज त्रिकोणाच्या प्रमेयावर उभी आहे! त्याच प्रमेयासाठी तिला बोलावले तर आपण गोल फिरलो. कर्णभुजा वापरून, अ पासून लंब टाकून केलेल्या सिद्धतेचेही हेच होते.

शाळेच्या पुस्तकात सगळ्या कसोट्या मान्य करून सुरुवात केली असेल तर मध्यबिंदूची सिद्धता बिनचूक आहे आणि परीक्षेत ती खुशाल लिहावी. सिद्धता बरोबर की चूक हे तुम्ही आधी काय मान्य केले आहे त्यावर ठरते. म्हणून ते माहीत हवे.

दुसरी वाट: ∠अ चा दुभाजक काढा, तो बक ला ड मध्ये छेदतो. अब = अक, ∠बअड = ∠कअड, अड सामाईक. बाकोबाने △अबड ≅ △अकड. इथे फक्त बाकोबा लागली, त्यामुळे वर्तुळ टळते. मात्र दुभाजक ‘असतो’ हे मान्य करावे लागते. तो कंपासाने काढून बरोबर असल्याचे दाखवायला गेलात तर पुन्हा बाबाबा लागते. कोनाची मापे संख्यांनी घेत असाल तर अर्ध्या मापाचा किरण असतोच, आणि अडचण उरत नाही.

तिसरी वाट चौथ्या शतकाच्या सुमारास अलेक्झांड्रियात होऊन गेलेल्या पॅपस या गणितज्ञाची. तो काहीच रचना करत नाही. एकाच त्रिकोणाला दोनदा वाचतो: एकदा अबक, एकदा अकब.

१. अब = अक … (पक्ष)
२. अक = अब … (पक्ष)
३. ∠बअक = ∠कअब … (तोच कोन)
४. △अबक ≅ △अकब … (बाकोबा)
५. ∠अबक = ∠अकब … (एकरूप त्रिकोणांचे संगत कोन)

त्रिकोण स्वतःशीच, पण वेगळ्या संगतीने एकरूप आहे. मला ही सिद्धता फार प्रिय आहे. संगतीचा क्रम का पाळायचा, हे तिच्याइतके लख्ख दुसरीकडे कुठे दिसत नाही.

आता व्यत्यास, म्हणजे पक्ष आणि साध्य यांची अदलाबदल: ∠ब = ∠क असेल तर अब = अक. पॅपसचीच युक्ती चालते, फक्त बाकोबाऐवजी कोबाको: ∠ब = ∠क, बक = कब, ∠क = ∠ब. दुभाजक काढूनही होते, तेव्हा कोकोबा लागते. मध्यगा (शिरोबिंदूपासून समोरच्या बाजूच्या मध्यबिंदूपर्यंतची रेषा) काढून मात्र अडकाल. बड = कड, अड सामाईक, ∠ब = ∠क, म्हणजे बाबाको, आणि ती कसोटीच नाही. मूळ प्रमेयात चाललेली रचना व्यत्यासात चालेलच असे नाही. म्हणून व्यत्यास नेहमी वेगळा सिद्ध करावा लागतो.

मोठ्या बाजूसमोर मोठा कोन

अक > अब असेल तर ∠ब > ∠क, हे दाखवायचे आहे. मोठ्या बाजूतून लहान बाजूएवढा तुकडा कापून घ्या: अक वर ड असा घ्या, की अड = अब. बड जोडा.

△अबड समद्विभुज, म्हणून ∠अबड = ∠अडब. ∠अडब हा △डबक चा बाह्यकोन, म्हणून ∠अडब > ∠क. ड हा अ आणि क च्या दरम्यान असल्याने ∠अबक > ∠अबड. तिन्ही जोडली की ∠अबक > ∠अबड = ∠अडब > ∠क.

व्यत्यास (मोठ्या कोनासमोर मोठी बाजू) इथे अप्रत्यक्ष पद्धतीने सुटसुटीत होतो. ∠ब > ∠क दिले आहे. अक आणि अब यांच्यात तीनच शक्यता: अक = अब, अक < अब, अक > अब. पहिली खरी असती तर ∠ब = ∠क झाला असता. दुसरी खरी असती तर आत्ता सिद्ध केलेल्या प्रमेयाने ∠ब < ∠क झाला असता. दोन्ही पक्षाशी विसंगत, म्हणून तिसरीच खरी. अप्रत्यक्ष सिद्धतेत सगळ्या शक्यता मोजल्या आहेत ना, हे तपासायला विसरू नका. एखादी सुटली तर सिद्धता पडते.

दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठी

दोन बिंदूंमधली सरळ वाट सर्वात जवळची, हे तर उघडच आहे, ते सिद्ध कशाला करायचे? प्राचीन काळी ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसच्या अनुयायांनी याच विधानावरून भूमितिज्ञांची थट्टा केली होती: हे तर गाढवालाही कळते, तेही चाऱ्याकडे सरळच जाते. युक्लिडवर भाष्य लिहिणाऱ्या पाचव्या शतकातल्या प्रोक्लसने त्याला उत्तर दिले. एखादी गोष्ट खरी आहे हे जाणवणे वेगळे आणि ती का खरी आहे हे सांगणे वेगळे, असा त्याचा आशय होता. मला ते उत्तर पुरेसे वाटते.

अब + अक > बक दाखवायचे आहे. बेरीज एका रेषेवर आणू. बाजू बअ ही अ च्या पुढे ड पर्यंत वाढवा, अशी की अड = अक. डक जोडा.

१. बड = अब + अड = अब + अक … (रचना)
२. ∠अडक = ∠अकड … (अड = अक, समद्विभुज त्रिकोणाचे प्रमेय)
३. ∠बकड > ∠अकड … (अ हा ब आणि ड च्या दरम्यान आहे)
४. ∠बकड > ∠बडक … (२ आणि ३ वरून, ∠बडक म्हणजेच ∠अडक)
५. बड > बक … (△बकड मध्ये मोठ्या कोनासमोरील बाजू)
६. अब + अक > बक … (१ आणि ५ वरून)

साखळी पाहा: सहाव्या ओळीत पोचायला बाजू-कोनाचा व्यत्यास लागला, त्याला मूळ प्रमेय, त्याला बाह्यकोन आणि समद्विभुज त्रिकोण, आणि त्याला बाकोबा. एक कडी काढली तर पुढचे काहीच टिकत नाही.

आकृती कशी फसवते

आता एक मुद्दाम चुकवलेली सिद्धता. तिने ‘प्रत्येक त्रिकोण समद्विभुज असतो’ असे दाखवता येते! अब आणि अक असमान असलेला त्रिकोण घ्या. ∠अ चा दुभाजक आणि बक चा लंबदुभाजक म बिंदूत छेदतात असे मानून म त्रिकोणाच्या आत काढा. म पासून अब वर मइ आणि अक वर मफ हे लंब टाका. △अमइ ≅ △अमफ (कोकोबा), म्हणून अइ = अफ आणि मइ = मफ. म लंबदुभाजकावर आहे, म्हणून मब = मक. कर्णभुजेने △मबइ ≅ △मकफ, म्हणून इब = फक. बेरीज करा: अइ + इब = अफ + फक, म्हणजे अब = अक.

प्रत्येक एकरूपता बरोबर आहे. चूक शेवटच्या बेरजेत आहे. अब ≠ अक असेल तर म कधीच आत नसतो. तो त्रिकोणाच्या परिवर्तुळावर (तिन्ही शिरोबिंदूंतून जाणाऱ्या वर्तुळावर), बक च्या पलीकडच्या कंसावर असतो. आकृती काटेकोर काढली की दिसते की एका लंबाचा पाया बाजूवर पडतो आणि दुसऱ्याचा बाजूच्या वाढीव भागावर. म्हणजे एका बाजूसाठी बेरीज आणि दुसरीसाठी वजाबाकी करायला हवी होती. ‘दरम्यान आहे’, ‘आत आहे’, ‘त्याच अंगाला आहे’ हे शब्द सिद्धतेत लिहायचे, ते यासाठी.

नवा प्रश्न आला तर

असा प्रश्न घ्या: △अबक मध्ये अड ही मध्यगा आहे आणि अड = बड = कड. ∠बअक काटकोन आहे हे सिद्ध करा.

साध्यापासून उलटे चाला. ∠बअक = ९०° हवा. त्यासाठी ∠ब + ∠क = ९०° दाखवले तरी पुरे, किंवा ∠बअक = ∠ब + ∠क दाखवले तरी पुरे. दुसरे सोपे दिसते, कारण अड ∠बअक चे दोन भाग करते. आता पक्षाकडून या: अड = बड, म्हणून ∠बअड = ∠ब. अड = कड, म्हणून ∠कअड = ∠क. बेरीज केली की ∠बअक = ∠ब + ∠क. तिन्हींची बेरीज १८०°, म्हणून २∠बअक = १८०°. दोन्ही टोकांकडून निघून मध्ये भेटलो. लिहिताना मात्र पक्षापासून साध्याकडे, सरळ क्रमाने लिहा. शोधाचा क्रम कच्च्या कागदावर ठेवा.

सरावासाठी एकाच साच्याचे तीन प्रश्न देतो. त्रिकोणाचे दोन शिरोलंब (शिरोबिंदूपासून समोरच्या बाजूवर टाकलेले लंब) समान असतील तर तो समद्विभुज असतो. लघुकोन त्रिकोणात ब आणि क पासून शिरोलंब बइ आणि कफ काढा, △बफक आणि △कइब यांना कर्णभुजा लावा, लगेच सुटेल. दोन मध्यगा समान असतील तरीही तो समद्विभुज असतो. यासाठी मध्यगा एकमेकींना २ : १ या प्रमाणात छेदतात एवढे जास्तीचे लागेल. मग छेदनबिंदूपाशी विरुद्ध कोन घेऊन बाकोबा लावा. तिसरा प्रश्न: दोन कोनदुभाजक (शिरोबिंदूपासून समोरच्या बाजूपर्यंतचे) समान असतील तरीही तो समद्विभुज असतो. वाचायला हा पहिल्या दोन प्रश्नांसारखाच आहे, पण कोणत्याही जोडीला एकरूपतेची कसोटी सरळ लागत नाही. १८४० मध्ये लेमुस या गणितज्ञाने हा प्रश्न इतर गणितज्ञांपुढे ठेवला आणि त्यांतल्या याकोब स्टायनरने त्याची सिद्धता दिली. तो करून पाहताना अब > अक असे मानून अप्रत्यक्ष पद्धतीने सुरुवात करा, आणि मोठ्या बाजूसमोरच्या मोठ्या कोनाचे प्रमेय हाताशी ठेवा.